मुलीकडचं कोण?

रिहे, ता. मुळशी
१४ डिसेंबर २०२४

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. इंद्रायणी झोडून घरात आली, तांदूळ यंदा बरा पडला. तुझी पिशवी बांधून ठेवली आहे. प्रदीपकाकांचे गुडघे आणि कुरकुर दोन्ही जोरात आहेत. तुझ्या जांबे गावातल्या खोलीत पाणी नीट येतं ना?

इतक्या जवळ राहणाऱ्या मुलीला आई पत्र लिहिते म्हणून हसशील. पण फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर माझं तोंड सुटतं. कागदावर निदान खोडता येतं.

परवा कुशाबाच्या नातीच्या लग्नाची सुपारी झाली. मुलीकडून बोलायला नेहमीप्रमाणे मला नेलं होतं. मुलाकडचे चारचाकीसाठी अडून बसले. मी म्हटलं, "गाडी देतो की, पर चालवणार आमची पोरगी. तुमचा पोरगा शेजारी बसंल. चालंल न्हवं?" सगळे हसले आणि गाडीचा विषय तिथंच बारगळला. भावकी म्हणते, इंदूच्या जिभेवर साखर हाय. साखर कसली! माणूस कशाला भितो ते बघायचं आणि तिथं हळूच हात ठेवायचा. तुला हॉस्टेलला पाठवायला काका तयार नव्हते, तेव्हा मी त्यांनाच तुझ्या ॲडमिशनला पुढं घातलं. मग वर्षभर तेच "पुतणीला शिकवतोय" म्हणून गावभर सांगत फिरले.

बघ, पुन्हा इकडचं तिकडचंच चाललंय.

विठ्ठलरावांबद्दल लिहायला बसले आहे. पौडचे, एसटीत कंडक्टर होते, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, हे तुला आता ठाऊकच आहे. मी त्यांच्याशी लग्न करणार, हे तुला माझ्याऐवजी काकांच्या तोंडून कळलं. त्याला कारण माझी पद्धत. बैठकीत अवघड माणूस आधी वळवायचा, हक्काचा शेवटी. आधी काका, मग भावकी, मग विठ्ठलरावांची सून. तू हक्काची, म्हणून तुला शेवटी ठेवलं. आणि तू फोनवर विचारलंस, "आई, मलापण पटवणारच होतीस ना?" मी तुझ्या जेवणाचं विचारत बसले. मी, इंदू.

विठ्ठलराव फारसं बोलत नाहीत. पौडच्या स्टँडवर चहा घेताना एवढंच म्हणाले, "घरात टीव्ही हाय. लई बोलतो. पर त्यो माझं ऐकत न्हाई." मी तिथं हसले आणि घरी येऊन रडले. तुझे बाबा गेल्यापासून मी सगळ्यांसाठी बोलत आले, तृप्ती. माझं कुणी ऐकावं असं मला फार वाटायचं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही.

आता एक स्पष्ट लिहिते. तू आली नाहीस तरी मी हे लग्न करणार आहे. हे आधी सांगितलं, म्हणजे पुढचं वाचताना तुला कोंडीत धरल्यासारखं वाटायला नको.

पुढच्या रविवारी, २२ तारखेला, आपल्याकडे सुपारी आहे. बसल्याबसल्या पहिला प्रश्न येईल, "मुलीकडचं कोण बोलणार?" पन्नाशीला आले तरी त्या दिवशी मी मुलगीच. माझे आईवडील राहिले नाहीत. काका बसतो म्हणतात, पण ते सासरचे. स्वतःचं स्वतः बोलायची आपल्यात रीत नाही, आणि असती तरी मला जमलं नसतं. इतक्या बैठका केल्या, पण या बैठकीची मला भीती वाटते.

माझ्या बाजूनं तू बसावंस, असं मला वाटतं. का बसावंस, याची कारणं लिहिली होती. खोडून टाकली. सगळी फार चांगली होती.

'हो' किंवा 'नाही', जे म्हणशील ते मधे न बोलता ऐकून घेणारी,
तुझी आई