अनुभव खरा वाटत नाही

३ मार्च, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस. गाव नवं, खोली नवी, चपलाही नव्या. टाचेला फोड आलाय, पण मन खूश आहे. ऑफिस म्हणजे छपाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली यंत्र धडधडतं आणि वर कपातला चहा थरथरतो. साहेब माझ्याच वयाचे, पण बोलताना हात मागे बांधून फेऱ्या मारतात. समोरच्या टेबलावर पिकल्या मिशांचे एक गृहस्थ बसतात. कोणत्या पानावर किती वाचक आले, किती वेळ थांबले हे ते बघतात, म्हणून सगळे त्यांना आकडेकाका म्हणतात. दुपारी त्यांनी डबा अर्धा माझ्याकडे सरकवला आणि नको म्हणायची सोयच ठेवली नाही.

कंपनीचा घरगुती विषयांचा ब्लॉग आहे. भिंतीची ओल कशी घालवावी, खिडक्यांची निगा कशी राखावी, एकट्याने राहताना घर कसं लावावं, असलं सगळं. लेख जुने होऊन सर्चमध्ये पार तळाला गेलेत. एआयच्या मदतीने ते सुधारून वर आणायचे, एवढंच माझं काम. साहेबांचा सल्ला असा, की हजार लोकांसाठी लिहू नका, एकच वाचक डोळ्यांसमोर ठेवा. मी मान डोलावली. पहिल्या दिवशी मान डोलावण्याचेच पैसे मिळतात.

५ मार्च, बुधवार
एआयच्या टूलला इथे मास्तर म्हणतात, कारण तो मार्क देतो. लेख त्याच्यात टाकायचा. कुठे वाक्य लांबलंय, कुठे मथळा ढिला आहे हे तो सांगतो आणि शंभरपैकी मार्क ठोकतो. बाजूला एक चौकट असते, ‘लोक असंही विचारतात’. लोक सर्चमध्ये काय शोधतात ते तिथे दिसतं. त्यांची उत्तरं लेखात घातली की लेख वर चढतो. माझ्या पहिल्या लेखाला बेचाळीस मिळाले. आकडेकाका म्हणाले, त्यांच्या लग्नपत्रिकेलाही त्याने एवढे दिले नसते.

खोली आवडायला लागली आहे. जिना घराच्या बाहेरून आहे, त्यामुळे येण्याजाण्याचा कुणाला त्रास नाही. खाली घरमालकीण राहते, निवृत्त नर्स. भेटली की आधी माझ्या डोळ्यांखाली बघते, मग बोलते.

१० मार्च, सोमवार
खिडक्यांचा लेख साठच्या पुढे सरकेना. मास्तरचं एकच पालुपद: स्वतःचा अनुभव घाला. शेवटी वैतागून खरं तेच लिहिलं. मी एकटी राहते, खिडकी जिन्याच्या बाजूला उघडते, तिची कडी ढिली आहे, म्हणून फटीत कागदाची घडी खोचून ठेवते. एकदम एक्याण्णव! संध्याकाळपर्यंत लेख सर्चच्या पहिल्या पानावर. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. मग काय, मी सुटलेच. झोपेच्या लेखात माझा पलंग आला, स्वयंपाकघराच्या लेखात माझा ओटा. मास्तर मार्कांची खैरात करतोय.

१४ मार्च, शुक्रवार
‘लोक असंही विचारतात’मध्ये आज नवीन प्रश्न होता, ढिली कडी बाहेरून कशी काढावी? कुणी किल्ली विसरलं असेल म्हणून मी हसले. त्याच्याखाली दुसरा प्रश्न होता.

कागदाची घडी खिडकीच्या डाव्या फटीत आहे की उजव्या?

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, वाह, वाचक किती बारकाईने वाचतायत. उत्तर लेखात घालायला सांगितलं. मी टाळलं, तर दहा मार्क गेले.

१९ मार्च, बुधवार
आज मास्तरला शेंडी लावायची ठरवली. लेखात फिरवून लिहिलं, की मी तळमजल्यावर राहते, घरात दोन भाऊ आहेत, दारात दांडगा कुत्रा आहे. मास्तरने सगळ्याखाली लाल रेघ ओढली. अनुभव खरा वाटत नाही.

एकेक शब्द बदलून पाहिला. कुत्रा काढला, मार्क वाढले. भाऊ काढले, आणखी वाढले. तळमजला काढून वरचा मजला केला, तेव्हा रेघ गेली.

आकडेकाकांना विचारलं, याला कसं कळतं? ते म्हणाले, भाषेवरून अंदाज लावत असेल, थापा मारताना माणूस जास्त सजवून बोलतो. पण म्हणता म्हणता चष्मा लावून त्यांनी माझ्या पानांचे आकडे उघडले. मग बोट ठेवून दाखवू लागले. माझ्या लेखांवर येणारी बाकीची गर्दी वरवर चाळून जाते. एकच वाचक आहे जो रोज येतो आणि सगळं वाचतो, शेवटच्या ओळीपर्यंत. चौकटीतले ते प्रश्न त्याच एकाचे. तो कुठून येतो हे दिसायला हवं. तिथे काहीच नाही.

‘‘पोरी,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘ही पानं काढून टाक. साहेबांना मी सांभाळतो.’’

२१ मार्च, शुक्रवार
पानं काल काढली. आज सकाळी सगळी जागेवर. प्रत्येकावर लिहिलेलं, ‘आजच ताजं केलं’. काका शपथेवर सांगतात, त्यांनी हात लावलेला नाही. साहेबांनाही पत्ता नाही. त्यांना बरंच वाटलं, पहिला नंबर टिकला म्हणून.

खिडकीच्या लेखात एक वाक्य जास्तीचं आहे. मी न लिहिलेलं. ‘आता मी घडी उजव्या फटीत खोचते.’ खरं आहे. कालच बदलली होती. कुणालाही सांगितलं नव्हतं.

दुपारीच घरी आले. कागदाची घडी जिन्याच्या पायरीवर पडली होती. नीट, उलगडून, वर एक खडा ठेवून. खिडकी बंद. आत सगळं जिथल्या तिथे. नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कुणी आलं नाही, सकाळपासून त्या दारातच बसल्या होत्या. मग माझी नाडी धरून म्हणाल्या, माणसांत जाऊन राहा चार दिवस.

कपडे पिशवीत कोंबले. दादाकडे जाते.

२२ मार्च, शनिवार
दादाच्या घरी. वहिनीने काही न विचारता अंथरूण घातलं. टिकली, माझी भाची, गळ्यात पडली ती सुटेचना. दादा म्हणाला, नोकरी गेली खड्ड्यात. वहिनी म्हणाली, आधी जेव. इथे बरं वाटतंय. इथलं कुठेच काही लिहायचं नाही.

२४ मार्च, सोमवार
लॅपटॉप उघडायचा नव्हता. आकडेकाकांचा फोन आला, ब्लॉगवर माझ्या नावाने नवा लेख आलाय. मथळा: ‘भावाच्या घरी पाहुणी म्हणून राहताना’.

दाराचा रंग आहे त्यात. वहिनी दाराला आतून खुर्ची लावते ते आहे. माझीच भाषा, माझेच विनोद. मी लिहिला असता तर असाच लिहिला असता.

दादाला वाचायला दिलं. वाचून त्याने मलाच विचारलं, हे तू का लिहिलंस?

२५ मार्च, मंगळवार
प्रश्न बदललेत. माझ्याबद्दल एकही नाही.

टिकली कोणत्या खोलीत झोपते?
टिकली हाक मारल्यावर लगेच येते का?

दादाला दाखवलं. टिकलीला आज शाळेत पाठवलं नाही. ती विचारतेय, आत्या, तू का रडतेस. काय सांगू—

मीच आणलं याला इथे. मीच वाट दाखवली.

२६ मार्च, बुधवार
एक कळलंय. त्याला खरं लागतं. मग खरंच देते.

सकाळी बसून लेख लिहिला. मास्तरची मदत नाही, काही नाही. आयुष्यात इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. मी भावाच्या घरातून निघतेय, एकटी. उद्या दुपारी सार्वजनिक वाचनालयात, मागच्या टेबलाशी बसेन. निळी ओढणी. मी वाट बघेन.

ब्लॉगवर चढवण्याआधी मास्तरमध्ये टाकून बघितला. कुठेही लाल रेघ नाही.

थोड्या वेळाने टिकलीचे प्रश्न गेले. एकेक करून. चौकटीत एवढंच उरलं: मागच्या टेबलापाशी किती खुर्च्या आहेत?

वहिनी हात सोडेना. ‘‘तुला काय झालं तर आम्ही तोंड कुणाला दाखवू?’’ मी म्हटलं, पोलिसांना सांगितलंय. सांगितलं होतंच. ते म्हणाले, लेख लिहिणं हा गुन्हा नाही.

२७ मार्च, गुरुवार
वाचनालय. माणसं आहेत— पेपर वाचणारे, एक झोपलेले आजोबा. उजेड भरपूर. दादा एकटं सोडेना, बाहेर गाडीत थांबलाय, खिडकीतून दिसतोय. भ्यायचं कारण नाही. वेळ जावा म्हणून वहीत हे लिहितेय.

कुणी आलेलं नाही.

पेपरवाले उठून गेले. आजोबा कधी गेले— बघितलं नाही.

दादाची गाडी आहे. दादा आत नाही. मला बघायला आत येत असेल. येईलच.

समोरची खुर्ची सरकली. मान वर करणार नाही. लिहीत राहायचं. टेबलावर दोन हात आहेत, स्वच्छ, नखं कापलेली. साधा माणूस असेल. पुस्तक घेऊन बसला असेल.

पुस्तक नाही.

हळू आवाजात काहीतरी वाचतोय. माझी वही उलटी वाचतोय, त्याच्या बाजूने— मी लिहितेय तेच— नाही. मी लिहितेय ते नाही. तो पुढे आहे. तो शब्द म्हणतो, मग माझा हात तो

थांबवता येत ना— दादा दारात दिसतो— तो म्हणाला, दादा दारात दिसतो, आणि आत्ता खरंच दादा— दादा, आत येऊ नको, तो म्हणतोय की आता दादा