वाचला म्हणून सांगितलेला कागद

प्रिय अर्पिताताई,

जयभीम. सुट्टी संपवून मी निघालो तवा तू माझ्या पिशवीत टाकलेल्या कागदावरच लिहून राह्यलो. तूच घरी बनवलेला, झेंडूच्या पाकळ्यांचा. पेन अडकते, अक्षर वाकडं होते, सांभाळून घे. इथं गांधीधामला कंटेनर भरायचं काम आहे, या वर्षातलं तिसरं. माझे पाय एका जागी ठरत नाहीत, तुले माहीतच आहे.

फोन केला असता, पण घरातला फोन बापूजीच्या खिशात, अन् ते स्पीकर लावूनच बोलतात. मागच्या तीन फोनला एकच ऐकलं. मावला गावाकडच्या शेताची मोजणी लागली, आजोबाचा पट्ट्याचा, शेताच्या मालकीचा कागद सापडत नाही, अन् तो या पोरीच्या लगद्याच्या टबात गेला. रविवारी तर म्हणाले, टब, जाळी, मिक्सर, सारं उकिरड्यावर फेकतो. मागून तुझा आवाज आला, हो बापूजी, माझ्याच हातून गेला. मी नुसतं हां हां केलं अन् फोन ठेवला.

तू काऊन तसं म्हणाली?

आठव सुट्टीतला तो दिवस. बोथ गावच्या दुकानदाराले तुझ्या कागदाची पाकिटं द्यायची होती, तुले घाई. जुन्या वह्या, लग्नपत्रिका भिजत पडल्या होत्या. तुझा नियम एकच, अक्षर दिसलं की आधी वाचायचं, मगच फाडायचं. पेटीखालचा गठ्ठा माझ्यापुढं सरकवून तू जाळी धुवायले गेली. त्यात एक जाड, पिवळा कागद निघाला, निजामाच्या काळचा, उर्दूतला. तो बाजूला ठेवून तुले विचारायचं होतं. पण सातवीत शाळा सोडलेल्यानं दर कागदाले हे काय लिहिलं म्हणून किती वेळा विचारावं? लाज वाटते, ताई. जाड आहे, लगदा चांगला होईल, म्हणून बोटाबोटाएवढे तुकडे केले. तू मोरीतून ओरडली, अमऱ्या, सारे वाचले ना रे? मी म्हटलं, हो, वाचले.

काल हाच कागद उन्हात धरला. डाव्या कोपऱ्यात, पाकळीखाली, काळ्या शाईची एक वाकडी रेघ अन् दोन टिंबं दिसतात, त्याच उर्दू अक्षराची. तुले ते पहिल्याच दिवशी दिसलं असंल. तरी कागद माझ्याच पिशवीत टाकला, अन् बोलली काही नाही.

तहसीलच्या जुन्या दप्तरातून पट्ट्याची नक्कल काढता येते म्हणे. सोमवारच्या गाडीनं निघतो. कचेरीत बापूजीसंगं मीच उभा राहीन.

अन् तुले मी ओळखतो. माझी लाज राखायले हे पत्रही तू टबात बुडवशील. खुशाल बुडव. असंच दुसरं पत्र बापूजीच्या नावानं रजिस्टर करून कालच टाकलं. ते वाचून बापूजी विचारतील, हे खरं काय? तवा तू मधे पडू नको, ताई. मी दारात येईपर्यंत गप राह्य. हो म्हणायची पाळी आता माझी आहे.

तुझाच,
अमरदीप