रोझाबाईंना दहापैकी सहा

१३ जुलै २००४, मंगळवार
घोटाळा केला! तोही लाल शाईत.

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीच्या लायब्ररीत म्हाताऱ्यांसाठी आठवणी लिहायचा वर्ग असतो. कुशलनं माझं नाव घातलं — "आई, घरात बसून बोअर होशील." मागच्या मंगळवारी रोझा नावाच्या बाईंनी आपल्या बालपणावर लिहिलेली पानं सगळ्यांना वाटली. वाचून या म्हणाले. नागपूरला बत्तीस वर्षं आठवीचे पेपर तपासलेत मी, हाताला नुसतं वाचणं ठाऊक नाही. चुका काढल्या, समासात 'पाल्हाळ. केकवर दीड पान कशाला?' असं लिहिलं आणि खाली मार्क — दहापैकी सहा.

आज पानं परत दिली तेव्हा शेजारची बाई कानात कुजबुजली की या हंगेरीच्या ज्यू. सतराव्या वर्षी नाझींच्या छावणीतून जिवंत परत आलेल्या. बाकी सगळ्यांनी त्यांच्या पानांवर बदाम काढले होते. बदाम! रोझाबाईंनी चष्मा लावला. "सिक्स? ओन्ली सिक्स?" मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

घरी कुशल डोक्याला हात लावून बसला. "आई, तू होलोकॉस्ट सर्व्हायव्हरला मार्क दिलेस?" इशिता जेवता जेवता म्हणाली, "आजी, हू गॉट द हायेस्ट?" ही मात्र माझी नात शोभते.

१४ जुलै
रोझाबाईंचा फोन. "साठ वर्षं लोक माझ्यासमोर रडतात. पाल्हाळ कोणी म्हणालं नव्हतं. उद्या कॉफीला ये. पेन आण."

२७ जुलै
केक दीड पानावरून अर्ध्यावर आणला. शब्दाशब्दाला भांडल्या. सात दिले. त्यांना साडेसात हवे होते. मी अर्धा मार्क देत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी न चुकता, त्यांच्या धर्माच्या रीतीनं, मेणबत्त्या लावतात. विचारलं, एवढं सगळं झाल्यावरही देवावर विश्वास आहे? म्हणाल्या, "भांडण आहे. पण बोलणं बंद केलेलं नाही."

१० ऑगस्ट
आज पेन अडलं. धाकटी बहीण लिली चाळीस पानं नुसता धुमाकूळ घालते — मोजे चोरते, लोणच्याची बरणी फोडते. एक्केचाळिसाव्या पानावर आई आणि दोघी बहिणी छावणीपाशी आगगाडीतून उतरतात आणि लिली गायब. पुढे तिचं नावसुद्धा नाही. आठवीतल्या पोराला मी विचारलं असतं, हे पात्र कुठे गेलं? इथे टोपण लावलं. कुशलनं बजावलंय — "आई, प्लीज, अजिबात विचारायचं नाही."

१७ ऑगस्ट
विचारलं. राहवेना. टिश्यूचा डबा आधी जवळ ओढून ठेवला, आवाज मऊ केला — "रोझाबाई, लिली... कधी वारली हो?"

"वारली? मायामीत आहे. तीन नवरे झाले तिचे."

मी डबा होता तिथे सरकवला. आठवडाभर जिच्यासाठी घास उतरत नव्हता ती बाई तिकडे समुद्रावर ऊन खाते आहे!

मग हळूहळू सगळं सांगितलं. गाडीतून उतरल्यावर दोन रांगा. आईला एका रांगेत पाठवलं, रोझाबाईंना दुसऱ्या. लिली चौदाची, आईबरोबर निघालेली. "मी तिचा दंड धरला आणि माझ्या रांगेत ओढलं." आईची ती रांग परत आली नाही. पुढे रोझाबाई जमेल तिथे हे सांगायच्या. पंचवीस वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नातही सांगितलं — मी हिला वाचवलं. लिली काहीतरी ओरडली, ताट तसंच ठेवून निघून गेली. तेव्हापासून अबोला.

"मेलेल्यांवर लिहिणं सोपं," म्हणाल्या. "ते चुका काढत नाहीत. लिली काढेल."

मला राग आला. देवाशी बोलता आणि बहिणीशी नाही? लिहा म्हटलं, तिला पाठवा. दोन ऑक्टोबरला माझं परतीचं विमान आहे. त्याआधी ते पान मला हवं.

३१ ऑगस्ट
पान झालं. फक्त नऊ ओळी. मार्क दिले नाहीत तर रुसल्या! म्हटलं, याची परीक्षक मायामीला बसते.

दोघी टपालपेटीपाशी गेलो. पाकीट आत पडलं आणि बाई त्या फटीत कोपरापर्यंत हात घालून ते परत काढायला लागल्या. जाणारे-येणारे बघताहेत. मी त्यांची कंबर धरून मागे खेचते आहे. "यू आर अ टेरिबल टीचर!" असं अख्ख्या रस्त्याला सांगितलं.

१४ सप्टेंबर
उत्तर नाही. रोझाबाईंनी या आठवड्यात तीन केक केले. तिन्ही आमच्याकडे. कुशलची पँट बसेना.

मला भीती वाटते. उगाच म्हातारीला भरीला घातलं. लिलीनं न वाचताच फाडलं असेल तर? मी विमानात बसून मोकळी होईन, या इथे रोज पेटी उघडून बघतील.

२१ सप्टेंबर
मायामीचं पत्र आलं. रोझाबाईंना फोडवेना. मी वाचलं —

"तू मला ओढलं नाहीस. मी आईचा हात सोडतच नव्हते. तिनं तो सोडवला आणि मला तुझ्याकडे ढकललं. त्या लग्नात मी हेच ओरडून सांगत होते. नीट लिही."

"आईनं?" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा वाच."