भिंतीभिंतीतून गेलेली डाळ

प्रिय तिजानी,

फोनला रेंज नाही, म्हणून हे पत्र पोर्ट सुदानला निघालेल्या इद्रीस ड्रायव्हरच्या हाती देते आहे. तो वाटेत उघडून वाचणार हे नक्की. वाचू दे. मी कुणाची आई आहे ते त्यालाही कळू दे.

आधी बातमी. आपल्या तकियाची, म्हणजे गल्लीच्या सामाईक स्वयंपाकाची चूल अजून पेटती आहे. काल फूल, म्हणजे आपली बाकल्याची उसळ होती, आज मसूर. युद्धातल्या ओमदुरमानात आणखी काय मिळणार? पण नफीसाच्या हाताला चव आहे आणि जिभेला धार. ढवळता ढवळता साऱ्या गल्लीची उणीदुणी काढते. गल्लीत सध्या कोणी उपाशी झोपत नाही, हे लिहिताना मला फार बरं वाटतं आहे.

तू तुझ्या मदतसंस्थेच्या ऑफिसची गाडी घेऊन आलास तो दिवस आठवतो ना? धान्य मिळेल, पण वाटप चौकात, रांग लावून, आणि प्रत्येकाचा भांड्यासकट फोटो हवा, असा वरच्यांचा निरोप होता. नफीसाने ओगराळं खाली ठेवलं. "बतूल, विचार तुझ्या लेकाला, रांगेवर गोळा पडला तर त्याचाही फोटो लागेल का?" तिचा भाऊ बाजारातल्या रांगेतच गेला, हे तुला ठाऊक होतं. मला तुझा राग आला आणि कीवही.

मग तिनं गरम पातेल्याचा एक कान तुझ्या हातात दिला आणि आमचं वाटप दाखवायला नेलं. शेजारणीकडे मीठ मागायला जाण्यासाठी भिंतीत ठेवलेली आपली ती बुटकी दारं, नफाजं, लढाईत अशी कामाला येतील असं बांधणाऱ्यांच्या मनातही आलं नसेल. या अंगणातून त्या अंगणात डाळ पुढे जात होती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाकडे बाळंतीण आहे, हे शेजारणीला सांगावं लागत नव्हतं. ओतताना ती तोंड मात्र फिरवायची, घेणारीला ओशाळं वाटू नये म्हणून. शेवटच्या घरी तुझ्या शाळेतल्या उस्मान मास्तरांनी डोळे बारीक करून विचारलं, "फोटोवाला तूच का?" तू म्हणालास, "नाही मास्तर, मी डाळवाला." आणि त्यांच्याच ताटात जेवायला बसलास.

पुढे धान्य आलं ते कुठल्याही अटीशिवाय. काय शिजवायचं, कुणाला द्यायचं, कुठून न्यायचं, सगळं आम्हा तकियाच्या बायकांच्या समितीनं ठरवायचं. बायकांनी लग्नघर सांभाळावं तशी गल्ली सांभाळली. मी फोनवर विचारलं, हे कसं घडलं? तर तू म्हणालास, वरच्यांनी ठरवलं, आणि आता मी मोठ्या सुट्टीवर आहे.

परवा तुझ्या ऑफिसातली आमना आली होती. तुझ्या जागी आता कोण, असं मी सहज विचारलं, तर ती चपापली. म्हणाली, "मावशी, ती जागाच राहिली नाही. तिजानी बैठकीत उठून म्हणाला, त्या बायकांवर नजर ठेवायला कुणी लागत नाही, सुरुवात माझ्या जागेपासून करा."

सुट्टी म्हणे! आईला बनवतोस होय रे? ती गेल्यावर मी चुलीपाशी बसून रडले आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला अभिमानानं कारण सांगितलं. माझ्या लेकानं आपली खुर्ची आपल्याच हातानं आम्हाला दिली. असा मुलगा कुणाला मिळतो?

पण हे पत्र कौतुकासाठी नाही. नदीकाठच्या मोहल्ल्यालाही आता स्वतःचा तकिया चालवायचा आहे, आणि मोठ्या ऑफिसांपुढे न दबता कसं बोलायचं हे त्यांना कळत नाही. ते शिकवायला कुणीतरी हवं, असा काल समितीत विषय निघाला. पगार नाही, दोन वेळची डाळ आहे, अशा कामाला कोण येणार, असं कुणीतरी विचारलं. नफीसा म्हणाली, "आपला तिजानी आहे की. बोलवा त्याला." कुणी हरकत घेतली नाही. निरोप मी लिहायचा ठरला. इद्रीस शुक्रवारी परत फिरतो आहे, त्याच्या शेजारची जागा मी तुझ्यासाठी सांगून ठेवली आहे.

वाट पाहणारी, तुझीच
आई