नंदनवनचे तीन मजले, धरमपेठेतल्या दोन खोल्या

मंगळवार, संध्याकाळ

नंदनवनचं घर मला माझ्या दोन गुडघ्यांना पडलं. तीस वर्षं लोकांच्या घरी उकिडवं बसून फरशा बसवल्या, तेव्हा हे तीन मजले उभे राहिले.

आज ते विकून धरमपेठेत दोन खोल्या मिळतात का, बघायला गेलो. बायकोचं, सुमनचं, डायलिसिस तिथून जवळच रामदासपेठेत, आठवड्यातून तीनदा. इकडून जाण्यायेण्यातच ती अर्धी होते. वाटेत दलालाला ऐकवलं, "तीन मजले हायेत गा माहे. असं घर नंदनवनात दुसरं दाखव."

तिथली फरशी बुटाच्या टाचेने ठोकून पाहिली. पोकळ वाजली, कच्चं काम. तरी त्या दोन खोल्यांचा भाव माझ्या अख्ख्या घराच्या दीडपट. माझ्याकडे एक फरशी वाजत नाही, पण गिऱ्हाईक पैसे देणार फक्त प्लॉटचे. घर त्याला पाडायचंच आहे. मग मी बांधलं काय?

बाहेर पडताना मालकीणबाई आत कुणाला तरी हळूच म्हणाल्या, "नंदनवनचे आहेत. नाही जमायचं त्यांना." माझे कान तिखट, ऐकू आलंच. राग यायला हवा होता. पण बाईंचं बरोबर होतं.

सुमनला सांगितलं. म्हणाली, "काहून जिवाले लावून घेता? जाऊनच राहिलो ना आपण इथून दवाखान्यात." असं किती दिवस जमेल, हा विषय दोघांनीही काढला नाही. माझ्या कानात अजून ती पोकळ फरशीच.

आणि तीन मजले म्हणे. दिवाळीपासून आम्हा दोघांपैकी कुणीही खालच्या खोलीतून वर चढलेलं नाही.