वाईट वेळेसाठी ठेवलेला पंप

अहो,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. तुमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबला आता तुमच्या आठवणी छापायच्या आहेत. सेक्रेटरी परवा राजेंद्र नगरला घरी येऊन म्हणाले, “भाभीजी, भाईसाहब के बारे में कुछ मीठा लिख दीजिए.” गोड मला जमणार नाही, आणि जे जमेल ते चारचौघांत वाचण्यासारखं नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

आधी बातमी. तुमच्या अँबॅसेडरचा वॉटर पंप मी आज बदलला. दचकलात ना?

नवा पंप कुठे आहे, हे मला कायम माहीत होतं. कपाटाच्या वरच्या फळीवर, आईनं मला दिलेल्या डिनर सेटच्या शेजारी. दोघंही खोक्यात, दोघंही ‘राहू दे, पुढे कामाला येईल’ या जातीचे. तुमच्या घरात नवी वस्तू वापरणं म्हणजे उधळपट्टी! जुनी मोडेपर्यंत दुरुस्त करायची, आणि मोडली की पुन्हा दुरुस्त करायची. डिनर सेटचं मी सोडून दिलं. ताटल्यांवाचून कोणाचं अडत नाही.

महूहून भावाचा फोन आला, ती दुपार आठवते? “ताई, आईचं काही खरं नाही. निघ लगेच.” मी म्हटलं, टॅक्सी बोलवा. पंप कधीचा गळत होता, गाडीखाली परात तुम्हीच ठेवली होती. तुम्ही काय म्हणालात? “दारात गाडी उभी असताना टॅक्सी? लोक काय म्हणतील?”

वाटेतलं राऊ गाव मागे टाकलं आणि बॉनेटमधून वाफ निघाली. तुम्ही बाह्या सरसावून उतरलात, आणि चेहऱ्यावर काय तो उत्साह! मला म्हणालात, “शरयू, त्या ढाब्यावरून डबाभर पाणी आण.” माझी आई महूला शेवटचे श्वास मोजत होती, आणि मी रस्त्याच्या कडेनं तुमच्या रेडिएटरसाठी पाणी वाहत होते. मागून बस आली. मी हात केला, थांबलीसुद्धा. तुम्ही ड्रायव्हरला सांगितलंत, “जाओ भिया, जाओ, अपनी चालू हो रही है.” बस गेली. आपली मात्र चालू व्हायला संध्याकाळ झाली.

पोचलो तेव्हा भावानं आईच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं होतं. तो एवढंच म्हणाला, “सारखी विचारत होती, शरू निघाली का?”

तेराव्याला तुम्ही पाहुण्यांना काय सांगत होतात, ते मला वाढताना ऐकू येत होतं. “राऊला उकळली, पण पोचवलीच की नाही! ओरिजिनल पंप आहे.” कोणाला पोचवलंत हो? आणि कशाला?

त्यानंतर तरी नवा बसवाल, असं वाटलं होतं. तुम्ही जुन्याचंच सील आणि बेअरिंग बदलून आणलंत. विचारलं तर म्हणालात, “नवा वाईट वेळेसाठी ठेवलाय.” याहून वाईट वेळ कोणती यायची होती? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सॉरी म्हणायला पहिलीतच शिकवायचे. तुम्ही तो धडा ऑप्शनला टाकला असावा.

आज सकाळी सलीमभाईंना बोलावलं, तुमचेच मेकॅनिक. पाणी काढलं, रेडिएटर उतरवला, मग पट्टा, पंखा आणि शेवटी तो तुमचा ओरिजिनल. सलीमभाईंनी नव्याचं खोकं उघडलं आणि मान हलवली. “भाभीजी, गैसकेट तो गया. रखे-रखे सूख गया.” पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बसवायचा तो पातळ कागदी तुकडा, हातात घेताच भुगा झाला. वाईट वेळेसाठी ठेवलेलं, वाट बघूनच मेलं!

ते बाजारात निघाले. मी म्हटलं, थांबा. भिंतीवरून तुमचं रॅलीचं प्रमाणपत्र उतरवलं आणि काचेमागून बाहेर काढलं. तेच, सर्वात मूळ स्थितीतल्या गाडीबद्दलचं. चांगला जाड कागद.

“अरे भाभीजी! भाईसाहब की रूह को कैसा लगेगा?”

“रूह तो इसी इंजन में है, भैया. अब कुछ काम आएगी.”

कागद पंपाच्या तोंडावर धरून कडेकडेनं हलकी हातोडी मारली, आकार उमटला, कात्रीनं कापला. कुठे शिकले? संसारभर तुमच्या शेजारी टॉर्च धरून उभी होते, तिथेच. “नीट धर” यापलीकडे तुम्ही मला काही शिकवलं नाहीत. पण डोळे मी उघडे ठेवले होते.

गाडी सुरू झाली. मी तुमच्या सीटवर बसून तापमानाच्या काट्याकडे बघत राहिले. काटा अर्ध्यावर आला आणि थांबला. तिथेच राहिला. खाली एक थेंब नाही. एका सकाळचं काम होतं हो! एका सकाळचं! मग मात्र स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. तुमच्यासाठी नाही.

परवा आईची तिथी आहे. लायसन्स माझंही आहे, तुम्ही असेपर्यंत ते फक्त ओळख पटवायला वापरलं. महूला मी एकटी जाणार, ही गाडी चालवत. मागच्या सीटवर डिनर सेट असेल. भावाकडे सगळे त्यातच जेवतील, फुटला तर फुटला. राऊला थांबणार नाही. आणि किल्ली फिरवण्याआधी मोठ्यानं सांगणार आहे, तुम्हाला नाही, तिला: आई, शरू निघाली.

टॉर्च खाली ठेवलेली,
शरयू