सात बावीसची गाडी

१२ एप्रिल, रविवार

—तर मग बोर्डावर सात बावीसच लिहायचं. फायनल! सुंदरमामा कितीही हसू देत.

एकवीस सकाळी फाट्यावर बसलेय मी, वही घेऊन. धर्मापुरीकडून येणारी अंबाजोगाईची गाडी आपल्या फाट्यावर किती वाजता येते ते मिनिटासकट लिहिलंय. सगळ्यात लवकर सात आठ. सगळ्यात उशिरा सात एक्केचाळीस. अ‍ॅव्हरेज काढला – सात बावीस. उद्या पेंटरला देते.

सुंदरमामांची फाट्यावर चहाची टपरी. इथं छापील वेळ अशी नाहीच, गाडी सुटते तिकडून आणि वाटेत जशी येईल तशी येते. त्यामुळे "मामा, गाडी गेली का?" हेच आमच्या गावाचं टाइमटेबल. माझी वही बघून म्हणाले, "ईश्वरी, तू लिवशील गं बोर्डावर. पर गाडीला वाचता येतंय व्हय?" सगळी टपरी हसली. हसा!

त्यांना कसं सांगू? जर्मनीत, एर्फुर्टमधला माझा पहिला आठवडा. थंडी, भाषा येत नाही, रोज रडू. स्टॉपवर पाटी – ६:४७. आणि ट्राम आली ६:४७ ला! मी टाळ्या वाजवल्या. शेजारची म्हातारी दोन पावलं लांब सरकली. जाताना माझं सगळं ठरलेलं होतं – मास्टर्स, डेटाचा जॉब, मोठी कंपनी. त्या पाटीनं डोकंच फिरवलं. पोरगी एकटी घरातून निघते, कुणाला काही विचारत नाही, आणि पोचते! दोन वर्षं तिथं राहून मला एवढं एकच हवंसं वाटायला लागलं – हे आपल्याकडं करायचं. बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक फाट्यावर.

१५ एप्रिल, बुधवार

बोर्ड लागला!! निळ्यावर पांढरं. ‘अंबाजोगाई – ७:२२’. अप्पांनी पूजा उरकून, कपाळावर विभूती तशीच, दुकानातून नारळ आणला आणि बोर्डाच्या खांबाला फोडला. सरपंच भगवानराव फोटोपुरते आले. अप्पा सगळ्यांना सांगत होते, "जर्मनीत अशेच असतेत. माझ्या पोरीनं केलंय."

फोटो मस्त आला. तोच अर्जाला लावला आणि पाठवून पण दिला. एर्फुर्टच्याच युनिव्हर्सिटीत चार वर्षांची रिसर्चची जागा आहे, गावांतल्या बसवर. पाचशे शब्दांत ‘पुढची ध्येयं’ लिहायची होती. मी नऊशे लिहिले, मग रडत रडत कापले.

२० एप्रिल, सोमवार

आता फाट्यावर कुणी सातपासून ताटकळत नाही. सव्वासातला, वीसला येतात. सुंदरमामांना कुणी विचारत पण नाही. "माझा च्या बी कमी झाला बघ तुझ्या बोर्डानं," म्हणाले. हसत म्हणाले, पण…

आज गाडी ७:११ ला आली. एका काकांची चुकली. मी म्हटलं, काका, थोडं लवकर येत जा ना!

(हे मी म्हटलं. बोर्डाशेजारी उभी राहून.)

२३ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी मोहिनी आली. कौशल्याकाकूंची. काकू अंगणवाडीत मदतनीस, नवरा नाही, ही एकच पोरगी. उद्या नर्सिंगची सीईटी, सेंटर अंबाजोगाईला, साडेआठला गेट बंद. दोन वर्षं घासतेय बिचारी.

"ताई, बाविसाची धरली तर पोचते ना गं?"

"आरामात! उगी सातला येऊन उन्हात बसू नको. घरी उजळणी कर."

मीच म्हटलं. माझेच शब्द.

२४ एप्रिल, शुक्रवार

मोहिनीची गाडी गेली.

सात तेराला आली, दोन माणसं चढली, गेली. मोहिनी सात सतराला फाट्यावर पोचली. हॉलतिकीट प्लास्टिकच्या पिशवीत. मोबाइल आत नेऊ देत नाहीत म्हणून घरीच ठेवलेला. सुंदरमामा धावत रस्त्यावर आले, दुधाचा टेम्पो थांबवला, कॅनांच्या मधे बसवून पाठवलं. आठ पन्नासला पोचली. गेट बंद.

मी तेव्हा घरी होते. आरशासमोर इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस.

संध्याकाळी टपरीवर गेले. मामा भांडी विसळत होते. वर बघेनात. मग म्हणाले, "मला कुणी सांगितलंच न्हाई गं."

तेव्हा लक्षात आलं! आधी कुणाला महत्त्वाचं जायचं असलं की आदल्या सांजेला टपरीवर सांगून ठेवायचे – मामा, उद्या दवाखाना हाय. मामा, उद्या पोराचा पेपर हाय. मग गाडी लवकर आली तर मामा ड्रायव्हरच्या हातात चहा द्यायचे. "थांब जरा, सुंदररावाचं गिऱ्हाइक यायलंय." गाडी थांबायची. वीस वर्षं थांबतेय.

बोर्ड लागल्यापासून कुणी सांगत नाही. कशाला सांगतील?

एकवीस दिवस तिथं बसले मी. तो चहा रोज बघितला. गाडी किती मिनिटं थांबली ते पण लिहिलंय. का थांबली ते लिहिलं नाही.

२५ एप्रिल, शनिवार

गाव ड्रायव्हरवर तापलंय. अंगदभाऊ. सकाळी फाट्यावर कौशल्याकाकूंनी त्यांना तोंडावर शिव्या दिल्या, मी बाजूलाच. म्हणे गाडी वेळेच्या आधी पळवली. पुरावा? बोर्ड!

अप्पांनी दुकानात बसून डेपोला अर्ज लिहिला, त्यांच्या त्या सुंदर अक्षरात. ‘ठरलेल्या वेळेच्या नऊ मिनिटे अगोदर गाडी नेल्यामुळे विद्यार्थिनीचे वर्ष वाया गेले.’ सोबत फोटो. तोच फोटो! भगवानराव, कौशल्याकाकू, आणखी सात-आठ जणांच्या सह्या. मग अप्पा म्हणाले, "तू बी कर सही. शिकलेल्या माणसाची सही असली की वजन पडतंय."

ठरलेली वेळ कुणी ठरवली, अप्पा?

हे मनात. काकू समोर बसलेल्या, डोळे सुजलेले. सगळे माझ्याकडे बघत होते, कौतुकानं.

सही केली. माझी ती लांबलचक इंग्लिश सही.

२६ एप्रिल, रविवार

वही काढून मोजलं. एकवीसपैकी दहा दिवस गाडी सात बावीसच्या आधी येऊन गेलेली. दहा! म्हणजे बोर्ड बघून येणाऱ्या माणसाची गाडी जवळजवळ एक दिवसाआड चुकणार. हे शाळेतल्या पोराला कळेल. मी डेटामध्ये मास्टर्स आहे.

माझ्या डोळ्यांसमोर एर्फुर्टची पाटी होती, फाटा नव्हताच. आकडा असला की गाडी त्या आकड्याला येते, असंच काहीतरी डोक्यात बसलेलं. दोन वर्षांत.

जेवण गेलं नाही. आई म्हणते ऊन लागलं.

२८ एप्रिल, मंगळवार

आज सात पस्तीसला गाडी आली. अंगदभाऊ खाली उतरले. सरळ बोर्डासमोर. मी टपरीच्या बाकावर होते.

"ह्यो कुणी लावला?"

"मी."

"बरं." खिशातून कागद काढला. "ईश्वरी मन्मथ… ही सही बी तुमचीच का?"

"हो."

"ताई, सात तेराला आलो तर मी लवकर आलो. आज पस्तीसला आलो, तर उशिरा आलो. मंग मी यावं तरी कवा? वाटंत एक म्हतारी चढायली तरी पाच मिनिटं जातेत. तिला ढकलून देऊ का?" आवाज चढला नाही. चढला असता तर बरं. "पंधरा वर्षं झाली, एक अर्ज न्हाई माझ्यावर. सोमवारी बोलावलंय डेपोत."

मामांनी चहा पुढे केला. त्यांनी घेतला नाही. पहिल्यांदा.

३० एप्रिल, गुरुवार

गेले. वही घेऊन.

मोहिनी दारात गहू निवडत होती. वही तिच्या मांडीवर ठेवली आणि सगळं बोलून टाकलं – अ‍ॅव्हरेज, दहा दिवस, सही. तिनं एकवीस दिवस बोटानं वाचले. सावकाश.

"म्हंजे तुला ठाऊक होतं."

"आकडे ठाऊक होते. त्यांचा अर्थ—"

"सातला या, येवढंच लिवायचं होतं की, ताई."

एवढंच. खरंच एवढंच.

काकू आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलेलं. मला वाटलं होतं पाणी विचारतील, जाऊ दे म्हणतील. नाही! "वर्षभर पोरगी घरी बसली तर भावकी गप ऱ्हाईल व्हय? स्थळं घिऊन दारात उभी ऱ्हातेत. मी कुणाकुणाला न्हाई म्हनू? आन् त्या ड्रायव्हरला शिव्या दिल्या मी, त्याच्या तोंडावर. तू तवा बाजूलाच हुतीस!"

होते. बाजूलाच होते.

१ मे, शुक्रवार

अप्पांना सांगितलं. अर्ज मागे घ्यायचा.

"लोक काय म्हणतील? दुकान फाट्याच्या तोंडाला हाय माझं. रोज कुणाकुणाला तोंड दावू?"

दुपारचं गिऱ्हाइक आलं, त्याला साखर द्यायच्या जागी मीठ दिलं.

४ मे, सोमवार

अप्पांनीच मोटारसायकल काढली. सरळ अंबाजोगाई. डेपोच्या दारात म्हटलं, तुम्ही थांबा, मी जाते. तर म्हणाले, "चल, मी बी येतो. अक्षर माझं हाय."

साहेबांना वही दाखवली. सगळं लिहून दिलं – बोर्ड माझा, वेळ माझी, चूक माझी. साहेबांनी चष्मा वर केला. "मॅडम, सरासरीनं गाडी येत नसती." एवढं बोलून अर्ज निकाली काढला.

अंगदभाऊ बाहेर बाकावर बसलेले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "मिटलं का?"

"मिटलं."

"मंग निघतो मी. गाडी लावलीय."

अप्पांनी त्यांना हात जोडले. माझे अप्पा. माझ्यामुळे.

५ मे, मंगळवार

बोर्ड काढायला गेले. सुंदरमामा आडवे! "अगं ऱ्हाऊ दे. नारळ फोडलाय त्याला." शेवटी दोघांनी मिळून पत्र्यावरचा ‘:२२’ खरवडला. आता नुसतं ‘अंबाजोगाई – ७’.

मामा म्हणाले, "आता बरोबर हाय."

मोहिनी समोरून गेली, डोक्यावर पिठाचा डबा. थांबली नाही.

७ मे, गुरुवार

दुपारी इंटरव्ह्यू. लॅपटॉपवर तीन चेहरे. मधल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला: त्या सुंदर बोर्डाचं पुढे काय झालं?

खोटं बोलता आलं असतं. फोटो होताच.

सगळं सांगितलं. अ‍ॅव्हरेज, मोहिनी, दुधाचा टेम्पो, सही, सगळं. मामांचा चहा पण. शेवटी म्हटलं, मी अर्जात लिहिलेली ध्येयं चुकीची आहेत, ती परत घेते. लॅपटॉप बंद केला. संपलं. पण पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

१५ मे, शुक्रवार

मेल आला. मला घेतलंय!!

घेतलंय ते त्या चुकीसाठी. बाईंनी लिहिलंय – आदल्या सांजेला सांगून ठेवायची ती पद्धत, चहा देऊन गाडी थांबवणं, आणि पाटीनं ते कसं मोडलं, हाच तुझा चार वर्षांचा विषय. सुरुवात मोहिनीच्या सकाळपासून कर. तिची लेखी परवानगी घे.

अप्पा पेढे आणायला गेले. मला पेढ्याचा वासही नको झालाय.

१७ मे, रविवार

फॉर्म घेऊन मोहिनीकडे गेले. ओसरीवर चटई अंथरलेली, कपबशा तशाच पडलेल्या. पाहुणे नुकतेच बघून गेलेले. मोहिनी साडीत होती.

मी म्हटलं, नाही म्हण. अगदी नाही म्हण, मला चालेल.

तिनं वाचलं, सही केली, पेन परत दिलं. "घे. माझं वर्ष कुणाच्या तरी कामाला आलं." टोचून म्हणाली का मनापासून, अजून कळत नाहीये.

उद्या दुपारपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. तिचं एक वर्ष गेलं, त्याच्यावर माझी चार उभी राहणार. जावं का मी? तूच सांग, तुला काय वाटतं?